भोकं पाडलेल्या कव्हरची रेकॉर्ड

पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना मी आधी कव्हर उलटसुलट करून बघतो. बुरशी आहे का आणि उंदीर फिरकलाय का, एवढंच. ही रेकॉर्ड हातात आली तर कव्हरला चक्क भोकं. कुणीतरी ब्लेडने तिरके तिरके तुकडे कापून काढल्यासारखी. "काका, पोरांनी पार वाट लावलीय हो," म्हणत मी घासाघीस केली, काकांनाही ते पटलं, आणि दीडशेत सौदा झाला. घरी आल्यावर शोधलं तर ती भोकं मूळचीच! कव्हरचा डिझायनर पीटर सॅव्हिल आणि त्याच्या मंडळींनी छापतानाच पाडून घेतलेली. आत उघडलं की जगाचा नकाशा. आता काकांना आणखी पन्नास नेऊन द्यावेत की काय, हा विचार महिनाभर चालला होता. दिले नाहीत.

बँडचं नाव ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क, थोडक्यात ओएमडी. अल्बम 'डॅझल शिप्स', इंग्लंडमध्ये 4 मार्च 1983 ला आलेला. सुई ठेवली आणि मी उभाच राहिलो. पहिलं गाणं हे गाणंच नव्हतं. ती रेडिओ प्राग या चेकोस्लोव्हाकियातल्या शॉर्टवेव्ह स्टेशनची ओळखीची धून होती. दोन स्टेशनांच्या खरखरीतून अचानक वर यायची, तीच.

त्या मार्चमध्ये मी मिरजेत नववीत होतो. घरात वडिलांचा मर्फी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. पावसाळ्यात आई तिच्यावर पंचा वाळत घालायची, त्यावरून रोज वाद. संध्याकाळी सांगली केंद्र वडिलांचं. ते झोपले की रेडिओ माझा. शॉर्टवेव्हच्या एकतीस मीटर पट्ट्यावर काटा केसभर सरकवायचा, श्वास रोखून. स्टेशन लागलं की वहीत तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी आणि सिन्पोचे, म्हणजे स्टेशन कसं ऐकू आलं ते सांगणारे, पाच आकडे: आवाज किती जोरात, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ किती, खरखर किती वगैरे. मग त्या स्टेशनला एरोग्राम. दोन-अडीच महिन्यांनी क्यूएसएल कार्ड यायचं, की बाबा रे, तू ऐकलंस ते खरंच आम्ही होतो. आपले कुणी नातेवाईक प्रागला आहेत अशी पोस्टमनची पक्की समजूत.

आणि तिकडे ओएमडीचे अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज, लिव्हरपूलसमोर नदीपलीकडच्या विरलचे दोन तरुण, त्याच शॉर्टवेव्हवरचे आवाज टेप करत बसले होते! 1981 च्या त्यांच्या अल्बममधली तीन गाणी इंग्लंडात पहिल्या पाचांत गेली होती. लोकांना तसंच आणखी हवं होतं आणि यांची विहीर आटलेली. मग जुनं उकरून काढलं. 'रेडिओ वेव्ह्ज' तर त्यांच्या आधीच्या, 'द इड' नावाच्या बँडच्या काळातलं. दोन गाणी जुन्या सिंगल्सच्या मागच्या बाजूची. उरलेल्या जागेत रेडिओ, पाणबुडीतले आवाज, वेगवेगळ्या देशांतली फोनवर वेळ सांगणारी यंत्रं, आणि मुलांना स्पेलिंग शिकवणारं 'स्पीक अँड स्पेल' हे बोलकं खेळणं.

या सगळ्यासाठी त्यांच्या हाती एक नवं यंत्र आलं होतं: इम्युलेटर. कुठलाही आवाज त्यात भरायचा, जेमतेम दोन सेकंदांचा, आणि तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर पसरायचा. खालची पट्टी दाबली की तोच आवाज जाड आणि संथ, वरची दाबली की बारीक आणि घाईत. फ्लॉपी बदलली की वाद्य बदललं. मी आयुष्यभर टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, त्यामुळे टेप ब्लेडने कापून चिकटवण्याची कटकट मला ठाऊक आहे. ती कटकट बोटावर आली म्हटल्यावर पोरं बेभान झाली असणार.

अल्बमचं नाव एडवर्ड वॉड्सवर्थच्या 1919 च्या चित्रावरून आलं, तेही सॅव्हिलनेच सुचवलेलं. पहिल्या महायुद्धात जहाजांवर काळेपांढरे वेडेवाकडे पट्टे ओढायचे, तीच ही 'डॅझल शिप्स'. जहाज लपावं म्हणून नव्हे. समुद्रात ते लपणार तरी कुठे? ते नेमकं कुठे चाललंय, किती वेगात, हे पाणबुडीवाल्याला कळू नये म्हणून. 1983 साली गिऱ्हाइकालाही ते कळलं नाही. अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत चढला आणि गडगडला. आधीचा तीस लाखांवर खपला होता म्हणतात, हा त्याच्या दहाव्या हिश्शावर आला. 'टेलिग्राफ' हे सिंगल तर 42 व्या क्रमांकावरच अडकलं. पुढचा अल्बम करायला मंडळी कॅरिबियनमधल्या माँटसेरातला गेली आणि नाचायची गाणी घेऊन परतली. त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच असतं.

सगळंच भारी आहे असंही नाही. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री' आलं की मी सुई उचलतो. पण 'टाइम झोन्स'मध्ये ती घड्याळं एकमेकांवर बोलायला लागतात तेव्हा मर्फीचा काटा थेट बोटाखाली जाणवतो. 'इंटरनॅशनल'च्या सुरुवातीला तर बातमीच आहे, निकाराग्वातल्या हात तोडलेल्या मुलीची. शॉर्टवेव्हवर हे असंच व्हायचं. संगीत शोधता शोधता मध्येच कुणीतरी शांत आवाजात भलतंच काही सांगून जायचं.

रेडिओ प्रागने 2011 च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्ह बंद केली. माझी कार्डं बिस्किटाच्या डब्यात आहेत. काल परत ती पहिली धून लावली होती. आई आता शहाऐंशीची, ऐकूही कमी येतं. आतल्या खोलीतून ओरडली, "अरे, अजून नीट लागत नाही का ते? झोप आता!"