टेस्टर पेटला नाही म्हणून

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा माडीवरचा पंखा बदलायचं काम अंगावर घेतलं. तेवढ्यासाठी वायरमन कशाला बोलवायचा, असं मला आजवर वाटत आलंय. बटण बंद केलं, रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढलो, कनेक्टरला टेस्टर लावला. पेटला नाही. स्क्रू सैल करून दोन बोटांनी तार ओढली, आणि पुढचं नीट आठवत नाही. खालच्या गादीवर पडलो होतो, उजवा हात खांद्यापर्यंत ठणकत होता आणि आई जिन्यातून "काय पडलं रे?" म्हणून विचारत होती.

शेजारचे तात्या आले. सगळं ऐकून त्यांनी दोष माझ्याच हाताला दिला. "बाळा, उलटा हात लावून बघायचा असतो. चिकटत नाही." विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर तात्या चाळीस वर्षं असाच तपासत आलेत. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शॉकने स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि पकडलेली तार सुटत नाही. उलट्या हाताने ती पकडली जात नाही, एवढंच. करंट छातीतून जायचा तो जातोच.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पोरगा माझ्याहून लहान, पण स्टुलावर चढण्याआधी त्याने खालच्या सॉकेटमध्ये मीटर लावला : 228 व्होल्ट. मग वर कनेक्टरवर मोजलं आणि खाली येऊन पुन्हा सॉकेटमध्ये मोजलं. "मीटरच मेलेला नाही ना, हे आधी बघायचं. आणि मागनंपण बघायचं."

माझ्या पंख्याचं बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर होतं. कुणीतरी कधीकाळी तारा उलट्या जोडलेल्या. बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, छतापर्यंत तशीच जिवंत. मग टेस्टर का नाही पेटला? त्याने माझ्या चपलांकडे आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. टेस्टरमधला तो इवलासा दिवा आपल्या अंगातून जमिनीत जाणाऱ्या करंटवर पेटतो. आत मोठा रेझिस्टर असतो म्हणून तो करंट एक मिलीअँपिअरच्याही खाली राहतो आणि आपल्याला कळत नाही. लाकूड आणि रबर यांनी वाट जवळजवळ बंद केली, दिवा मिणमिणला असेल तोही खिडकीच्या उन्हात दिसला नाही. मग तार धरली तेव्हा शॉक कसा बसला? दुसऱ्या हाताने मी पंख्याचा लोखंडी हूक धरला होता. हूक स्लॅबच्या सळईला भिडलेला.

"मग बल्ब-होल्डरला दोन तारा लावून बघतात, ते बरं का?" मी विचारलं. तर म्हणे न्यूट्रल तुटलेलं असलं तर तोही पेटत नाही आणि फेज मात्र जागेवरच. शिवाय उघड्या टोकांच्या तारा हातात. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही खात्री नाही.

मी त्याला मेनच्या शेजारी आरसीसीबी बसवायला सांगितली, 30 मिलीअँपिअरची. गेलेला करंट तेवढाच परत आला नाही की वीज तोडणारा हा खटका. बाबांचं म्हणणं, एमसीबी आहे की. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते. 16 अँपिअरची एमसीबी पडायची तर त्याच्याही वर करंट लागतो, आणि साधारण 10 मिलीअँपिअरलाच माणसाचा हात तारेवरून सुटेनासा होतो.

आणि मग खरी कटकट सुरू झाली. रोज दिवेलागणीला, नेमकं त्याच वेळेला, घर अंधारात. खटका वर केला की पुन्हा खाली. तिसऱ्या संध्याकाळी बाबा म्हणाले, काढून टाक ते खेळणं. खरं सांगायचं तर माझाही हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला होता. फोनवर वायरमन म्हणाला, "दादा, ते बिघडलेलं नाही. कुठंतरी गळतंय. त्या वेळेला घरात नवीन काय लागतं, ते बघा."

गोठ्यातला बल्ब लागत होता. धारा काढायला आई तो लावायची. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. फेज घरातून गेलेला, आणि न्यूट्रलची तार वाचवायला कुणीतरी दुसरं टोक थेट गोठ्याजवळच्या पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेलं! बल्बचा पाव अँपिअर करंट इतकी वर्षं पाइपातून जमिनीत जात होता. आरसीसीबीला परत येणारा करंट कमी दिसायचा, ती पडायची.

त्याच पाइपवर अंगणातला नळ आहे. उन्हाळ्यात जमीन वाळली की करंटला खाली जायला वाट अपुरी पडायची आणि नळातच करंट उतरायचा. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, संध्याकाळी नळाला हात लावला की मुंग्या येतात. आम्ही तिला बी-12 च्या गोळ्या आणून दिल्या होत्या. मी स्वतः, कोल्हापुरातून, दोन महिन्यांच्या.

गोठ्यापर्यंत वेगळी न्यूट्रल ओढली, पाइपवरची तार कापली. संध्याकाळी बल्ब लावून मी नळाला मीटर लावला आणि आईला शून्य दाखवलं. "बरं," म्हणाली. मग पायात चपला सरकवल्या, उलट्या बोटांनी नळाला हळूच शिवून बघितलं आणि मगच खाली बादली ठेवली.