ट्रॉमा कोर्सने मला काय सोडायला शिकवलं

उरण फाट्याजवळचा तो बाइकवाला अजून डोळ्यांसमोर येतो. मांडीतून रक्त जात होतं आणि अॅम्ब्युलन्सवर काम करणारी मी रस्त्यात बसून त्याच्या हाताची शीर शोधत होते. सलाइन लावल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. तीनदा टोचलं. तो वाचला, पण त्या मिनिटांनी माझी झोप उडवली. शेवटी रजा टाकून, पदरचे पैसे भरून पीएचटीएलएसचा, म्हणजे हॉस्पिटलला पोचण्याआधी गंभीर जखमींना कसं सांभाळायचं याचा, दोन दिवसांचा कोर्स केला.

पहिल्याच सरावात चुकले. पेशंट बनून झोपलेल्या मुलाची पॅन्ट काळी होती. मी नेहमीप्रमाणे श्वासमार्गापासून सुरुवात केली. सर म्हणाले, "मॅडम, मांडीखाली हात घाला." हात बाहेर काढला तर ग्लोव्ह लालभडक. "हा गेला," एवढंच बोलले. ए-बी-सी म्हणजे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण; त्याच्याही आधी एक्स, म्हणजे जीवघेणा रक्तस्राव. टूर्निकेट, म्हणजे हातापायाला जखमेच्या वर बांधायचा पट्टा, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. पेशंट कळवळतो, तरी सैल करायचा नाही. अपघाताच्या जागी दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही, सलाइन चालत्या गाडीत.

जास्त शिकलं की जास्त करावंसं वाटतं, धोका तिथेच आहे. कॅनडातल्या ओंटारिओत २,८६७ गंभीर जखमींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अॅम्ब्युलन्सवरचे पॅरामेडिक घशात नळी घालणं, सलाइन, औषधं हे सगळं करू लागले, तरी वाचणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तेच राहिलं: आधी ८१.८ टक्के, नंतर ८१.१. म्हणून कोर्सचा फायदा झाला का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते, पण काय करायचं नाही ते कळलं म्हणून.

गाडीत टूर्निकेटच नव्हता. मालकाला दोनदा सांगितलं, मग मीच दोन विकत आणले. पुढच्याच महिन्यात तुर्भ्याला एका हमालाचा हात टेम्पोखाली आला. टूर्निकेट आवळला, वेळ लिहिली, स्ट्रेचर आत. सलाइन वाशीच्या वाटेवर लावलं, आणि हॉस्पिटलला फोन आधीच गेला होता. सहा मिनिटांत आम्ही तिथून निघालो होतो.

सर्टिफिकेट चार वर्षं चालतं, हात त्याआधीच विसरतो. म्हणून दर रविवारी ड्युटी बदलताना मी आणि माझा जोडीदार एकमेकांच्या मांडीवर सराव करतो. ड्रायव्हरकाका घड्याळ धरतात, आणि आता तेही शिकायचं म्हणताहेत.