ब्रह्मकमळ, कोबी आणि तेरडा

दर पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर रात्री अकराच्या पुढे फोटो सुरू होतात, आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमललं, सात फुलं, मग हळदकुंकू वाहून, निरांजन ओवाळून परत फोटो. आईच्या गॅलरीतही एक कुंडी आहे. ते मुळात निवडुंगाच्या जातीचं, मेक्सिकोकडून आलेलं झाड आहे हे मी कधीतरी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

खरं ब्रह्मकमळ दिसलं ते उत्तराखंडात, हेमकुंडच्या वाटेवर. ऑगस्ट होता. घांगरियाहून सहाच किलोमीटर, पण सलग चढ, आणि चार हजार मीटरच्या वर माझं वीस पावलं चाल की थांब असं चाललेलं, त्यात धुकं, पाऊस आणि पायाखाली खेचरांची लीद. वरच्या पायऱ्यांजवळ दगडांत काहीतरी फिकट पिवळट दिसलं, मला वाटलं कुणीतरी कोबीचा गड्डा टाकलाय! जवळ गेले तर कागदासारखी पातळ पानं एकमेकांवर मिटलेली आणि आत जांभळी बारीक फुलं. थंडी-पावसापासून फुलांना वाचवायला झाडाने केलेलं पांघरूणच ते.

मी वाकून हात पुढे केला तर आमचा गाइड म्हणाला, "दीदी, नंदाष्टमी से पहले नहीं." भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आधी हे फूल तोडायचं नाही, त्या सुमारास खालच्या गावातली माणसं अनवाणी वर येतात आणि नंदादेवीसाठी फुलं नेतात. फुलायचा काळ जुलै ते सप्टेंबर, म्हणजे तोवर बऱ्याच फुलांचं बी धरत असणार. कारण बहुतेक हेच असावं, पण तो काही तसं म्हणाला नाही, देवीला आवडत नाही एवढंच म्हणाला.

भाद्रपदातली अष्टमी म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. आपल्या गौरी त्याच दिवसांत येतात की! आणि नंदा ही गढवालची माहेरवाशीण, तिला सासरी कैलासाला पाठवताना बायका रडतात म्हणे. आमच्या कोकणात तर तेरड्याचीच गौर आणतात. दुसऱ्या दिवशी फुलों की घाटीत शिरले तर गुलाबी फुलांचं जंगल, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, आणि गाइड नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं, तेरड्याचीच जात ती. दम लागलेला असताना एवढं आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं ना!

गोविंदघाटला उतरून रेंज आल्यावर आईला फोन केला. सगळं सांगितलं, कोबी, अष्टमी, अनवाणी. ती ऐकून घेऊन म्हणाली, "कोबी? त्याने तुला नक्की बरोबर फूल दाखवलंय ना गं?"