मिश्री म्हणजे खडीसाखर नव्हे

माझ्या अभ्यासासाठी रुग्णांकडून घ्यायच्या संमतिपत्रातल्या एका शब्दापायी माझे चार महिने गेले. आता नैतिकता समितीच्या (माणसांशी संबंधित संशोधन तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीचं पत्र हातात आहे, तरी तिच्या ऑफिसच्या जिन्यावरून जाताना अजून पोटात ढवळतं.

मी कोल्हापुरात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण घेतेय, विषय कॉन्झर्व्हेटिव्ह डेन्टिस्ट्री, म्हणजे दात भरून वाचवणं. आमच्या ओपीडीत कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडच्या कितीतरी बायका एकच तक्रार घेऊन येतात, गार पाणी लागलं की कळ जाते. निपाणीची तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायची, हीच मिश्री, आणि हे तीस-तीस वर्षं चाललेलं असतं. हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, नसतं, सिमेंटमचा पातळ थर असतो. तो झिजायला वेळ लागत नाही, मग त्याखालचा दाताचा मुख्य थर, डेन्टिन, बाहेर येतो आणि दाताच्या मानेपाशी खाच पडते. ती आम्ही बहुतेकदा ग्लास आयोनोमर सिमेंटनं भरतो, कारण ते डेन्टिनमधल्या कॅल्शियमशी स्वतःच बंध धरतं, वेगळं बॉण्डिंग लावावं लागत नाही. पण इतकी वर्षं तंबाखूत मुरलेल्या डेन्टिनवर तो बंध तेवढाच घट्ट बसतो का? मला हे मोजायचंय. मिश्री लावणाऱ्यांचे ३० दात आणि न लावणाऱ्यांचे ३०. हिरडीच्या आजारानं आधाराचं हाड झिजून हलायला लागलेले, काढावेच लागणारे दात.

काढलेल्या दाताला कसली परवानगी, असं मलाही आधी वाटायचं. नियमानं तो मानवी शरीराचा भाग आहे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. अभ्यासासाठी ठेवायचा तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती, दोन्ही हवं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून घ्या, फुकट आहेत. आणि मंजुरी मागच्या तारखेची मिळत नाही. 'आधी दात गोळा करू, कागद मागून' असं कुठल्याही सीनियरनं सांगितलं तरी करू नका.

विषय ठरणं, गाईड सरांची सही, विभागातलं सादरीकरण हे सगळं सुरळीत झालं. सप्टेंबरच्या बैठकीत समितीनं प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, मान्य केला. अट एकच होती. मराठी संमतिपत्र प्रमाणित हवं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते परत इंग्रजीत करून द्यायला हवं, म्हणजे दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून बघता येतात. अट योग्यच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मराठी फॉर्म मी घाईत एका अनुवादकाकडून करून घेतला. उलट अनुवाद ओळखीतल्या एका बाईंनी केला. त्या लहानपणापासून हिंदी प्रदेशात वाढलेल्या, मराठी इथे येऊन उत्तम शिकलेल्या. दोन्हींवर सह्या-शिक्के घेतले, राजारामपुरीत तीन प्रती झेरॉक्स केल्या आणि ऑफिसात दिल्या. पोच मागितली तर 'ठेवा तिथं, कळवतो' म्हणाले. मी ठेवून आले. ही माझी पहिली चूक. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एक आठवडा गेला, दोन गेले. विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' हेच उत्तर. खिडकी दुपारी तीन ते चार उघडी, आणि नेमकी तेव्हाच माझी ओपीडी. चौथ्या आठवड्यात इंटर्नला पेशंटपाशी बसवून गेले, तर संबंधित माणूस रजेवर. पाचव्या आठवड्यात एका ताईंनी शोधायला घेतलं आणि माझी फाइल 'परत' लिहिलेल्या ट्रेमधून काढून दिली. पहिल्या आठवड्यापासून ती तिथेच पडली होती. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'तफावत. दुरुस्त करून पुन्हा सादर करा.'

तफावत एका शब्दाची होती. माझ्या मूळ इंग्रजीत होतं, भाजलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या स्त्रिया. उलट अनुवादात झालं होतं, खडीसाखर दातांना लावणाऱ्या स्त्रिया. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर! त्या बाईंचा यात काहीच दोष नाही. दोष माझा, मी शब्द तसाच सोडून दिला. पण फाइलवर माझा मोबाइल नंबर दोन ठिकाणी होता. एक फोन केला असता तर मी त्याच संध्याकाळी दुरुस्ती करून दिली असती. त्या पाच आठवड्यांत नोव्हेंबरची बैठक होऊन गेली होती. पुढची जानेवारीत.

याच काळात राधानगरीकडच्या एक काकू आल्या. चाळीस वर्षं मिश्री. खालचे पुढचे सहाही दात इतके हलत होते की जेवताना जिभेला लागायचे. मुळं उघडी, पण कीड नाही, जुनं भरण नाही. मला हवे होते अगदी तसे दात. ते माझ्यासमोर निघाले आणि पिवळ्या पिशवीत गेले. मी तिथे उभी होते, काही करू शकत नव्हते. तो दिवस मी त्या ऑफिसला माफ करणार नाही.

दुरुस्तीला बसले तेव्हा मी पूर्ण फॉर्मच नव्यानं वाचला आणि लाज वाटली. 'परिदंतीय व्याधीमुळे निष्कासित दंताच्या ऊतींचे अन्वेषण'. आमच्या विभागातल्या सफाईच्या मावशी स्वतः मिश्री लावतात. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला ह्यातलं कायबी कळंना झालंय. ह्येच्यात माझा दात कुठं हाय?"

मग मावशींना समोर बसवून दोन दुपारी नवा मजकूर लिहिला. 'हिरडीच्या आजारामुळे तुमचा दात हलतो आहे आणि तो काढावा लागणार आहे. काढलेला दात आम्ही अभ्यासासाठी ठेवून घेऊ का? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.' मिश्रीपुढे लिहिलं, 'म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड'. दाताचं पुढे काय करणार हेही लिहायला मावशींनीच लावलं. लहानपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकलेली माणसं आहेत ही, आपला दात कुठं जातोय हे ती विचारणारच. मराठी आधी लिहा आणि इंग्रजी त्यावरून करा, मी आता सगळ्या ज्युनियरना हेच सांगते.

जानेवारीत मंजुरी आली. बैठकीत मराठी फॉर्मवर एकही प्रश्न आला नाही. मला खूप बरं वाटलं, आणि मावशींना पत्र दाखवलं तेव्हा त्यांनाही.

आठवलं म्हणून सांगते. दात कोरडा ठेवू नका, फॉर्मेलिनमध्येही नको, डेन्टिनचे गुण बदलतात. धुऊन ०.५ टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात जास्तीत जास्त आठवडाभर, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्रिजला ४ अंशांवर. बंधाची चाचणी महिन्याभरात झाली तर उत्तम, सहा महिन्यांपलीकडचा दात घेऊ नये. म्हणून बाटलीवर दात काढल्याची तारीख घाला, नाव कधीच नको, फक्त क्रमांक. चांदीचं भरण असलेले दात वेगळे काढा. त्यात पारा असतो, ते ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालायचे नाहीत.

अंगठा लावणाऱ्या रुग्णाला वाचता येणारा निःपक्ष साक्षीदार लागतो. तो आपला इंटर्न किंवा नर्स असून चालत नाही. पहिल्या आजींच्या वेळी मी हे विसरले होते आणि ओपीडीच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या पोराला विनंती केली. त्यानं सगळा फॉर्म मोठ्यानं वाचला, न अडखळता. आजी ऐकून म्हणाल्या, "घ्या की, माझ्या काय कामाचा आता त्यो." मग अंगठा लावला. रुग्णाची प्रत रुग्णाला द्यायची असते, ती मी पुढे केली. त्यांनी बारीक घडी घालून मिश्रीच्या डबीबरोबर पिशवीत टाकली, आणि मी बाटलीवर ०१ लिहिलं.