पन्नास रुपयांचा शिक्का साडेचार हजारांना: यावल ते स्पेन, व्हाया मुंबईच्या तीन फेऱ्या

आधी निकाल सांगून टाकते. इरास्मस मुंडुसची शिष्यवृत्ती (युरोपियन युनियनची, एकाहून जास्त देशांत फिरून मास्टर्स करायची) मिळवायला जेवढा त्रास झाला, त्याच्या तिप्पट त्रास मिळाल्यानंतरच्या तीन महिन्यांत झाला. त्या तीन महिन्यांबद्दल मला आधी कुणी अवाक्षर सांगितलं नाही. सगळे सीनियर थेट समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो टाकतात. म्हणून या वृत्तांतात स्पेन कमी आणि भुसावळ-मुंबई जास्त आहे. किनारे बघायचे असतील तर इथेच थांबा.

मार्क बरे आहेत, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झालीय आणि पासपोर्ट हातात आहे, असं धरून चालते. नसेल तर आधी ते उरका.

आमची केळीची बाग. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने दोनदा रोपं उपटून बांधावर टाकायला लावली, तेव्हा बीएस्सी अ‍ॅग्रीनंतर वनस्पतींच्या रोगांवरच शिकायचं ठरवलं. जळगावात एका कन्सल्टन्सीत गेले तर तिथल्या सरांनी इरास्मसचं नावच उडवून लावलं. "ते आपल्यासारख्यांना मिळत नाही, मॅडम. कर्ज काढा, यूकेला जा." नंतर कळलं की या लोकांना परदेशी विद्यापीठांकडून दर विद्यार्थ्यामागे कमिशन असतं. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या पोरीत त्यांना काय मिळणार? कन्सल्टन्सीची पायरी चढू नका. विषय संपला.

बाकी पर्याय मी पाहिले होते. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने २,८०० तास. जर्मनीच्या डाडच्या (DAAD) विकासविषयक अभ्यासक्रमांनाही पदवीनंतर दोन वर्षं मागतात. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तीन. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेल्या पोरीला इरास्मसच सोयीचं. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात. मी तीन भरले, एकालाही रुपया लागला नाही. एप्रिलमध्ये मेल आला. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. इथवर सगळं सोपं होतं.

माझं पहिलं वर्ष स्पेनमध्ये, म्हणून व्हिसा स्पेनचा. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर स्पेनला पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला लागतो, तोही अपॉस्टिल केलेला (ते काय, पुढे सांगते), सोबत स्पॅनिश भाषांतर. वैद्यकीय दाखला लागतो. त्यात '२००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार' सार्वजनिक आरोग्याला धोका ठरणारा आजार नाही, हे वाक्य शब्दशः हवं. फैजपूरच्या डॉक्टरकाकांनी दोनदा नुसतं 'फिट' लिहून दिलं. तिसऱ्यांदा मी वाक्य टाइप करूनच नेलं. तुम्ही पहिल्यांदाच तसं न्या. पदवी आणि ट्रान्सक्रिप्टही (विद्यापीठाचा विषयवार गुणांचा कागद) मी अपॉस्टिल करून घेतलं.

अपॉस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एक चौकोनी स्टिकर, कागदाच्या पाठीमागे लावतात. १९६१ च्या हेग करारातली सोय आहे. भारतात ती २००५ पासून लागू आहे. पदवीवर आधी राज्य सरकारच्या खात्याचा शिक्का लागतो, मग हा स्टिकर. परराष्ट्र मंत्रालय आपल्याकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांकडे द्यावा लागतो. एका कागदाची सरकारी फी ५० रुपये. पन्नास. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली फेरी, मे महिना. यावलहून एसटीने भुसावळ, तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस. स्लीपर वेटिंगवर राहिली. नाशिक रोडपर्यंत दाराजवळ पिशवीवर बसून गेले. सकाळी मुंबईत शिक्क्याच्या खिडकीवर पदवी काढली तर पलीकडच्या बाईंनी हातही लावला नाही. "लॅमिनेटेड आहे. चालत नाही." पदवी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांनी स्टँडजवळच्या दुकानातून हौसेने लॅमिनेट करून आणली होती. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून सगळं असंच प्लॅस्टिकमध्ये असतं. घरी आल्यावर इस्त्री फिरवून प्लॅस्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लॅस्टिक निघालं, त्याच्यासोबत सही पण निघाली. हा उद्योग करू नका. सरळ दुसरी प्रत मागवा. मला त्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांनीच पुढचा खड्डा खणला.

त्यातच आणखी एक. मार्कशीटवर माझं आडनाव शेवटी 'आय' लावून, पासपोर्टवर 'वाय' लावून. खान्देशात निम्म्या चौधरींची हीच गत. वर मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्टच्या साइटवर करायचा, फी ५०० रुपये. ते काम निर्विघ्न झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरी फेरी, जून अखेर. व्हिसाची तारीख बारा दिवसांवर, हातात तीन कागद आणि डोकं फिरलेलं. आमदार निवासात ओळखीवर खाट मिळाली होती. तिथल्याच एका माणसाने फोर्टातला एजंट सांगितला. जिन्याखाली टेबल, भिंतीवर तिरंगा, टेबलावर अशोकस्तंभाचं चित्र असलेली फाइल. मला ते सरकारी ऑफिसच वाटलं. "अर्जंट आहे ना मॅडम? एका कागदाचे साडेचार." साडेचारशे समजून मी मान हलवली. साडेचार हजार होते. तिन्ही कागदांचे साडेतेरा हजार. आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "देई टाक बेटा, आता काय करतेस." केळीला त्या आठवड्यात भाव पडलेला होता. हे मी विसरणार नाही.

पावती मागितली तर कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. चार दिवसांनी कुरियरने कागद घरी आले. पदवी आणि ट्रान्सक्रिप्टवर स्टिकर होते. पोलीस क्लिअरन्सवर मात्र लाल नोटरी, रिबिन, गोल सील, भारी दिसत होतं सगळं. मला कौतुकच वाटलं.

तिसरी फेरी. व्हिसा केंद्रावरच्या मुलाने कागद उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाला, "हे नोटरी आहे. अपॉस्टिल कुठंय?" पासपोर्ट कार्यालयाच्या त्या कागदाला नोटरी लागतच नाही, तो सरळ अपॉस्टिलला जातो. एजंटचा फोन बंद. जिन्याखाली टेबल होतं, माणूस नव्हता. मग एकदाची परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर नेमलेल्या संस्थांची यादी काढली. पहिल्या फेरीआधीच काढायला हवी होती, हा गाढवपणा माझाच. तिथे गेले तर काउंटरवर दरपत्रक लावलेलं: अपॉस्टिल ५० रुपये, वर संस्थेचं ठरलेलं सेवाशुल्क. खिशातल्या सुट्ट्या पैशांत काम झालं. त्या दरपत्रकासमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मागच्या काकांनी "बाजूला व्हा ना ताई" म्हटलं तेव्हा भानावर आले.

तर: कागद हातात आला की आधी पाठ बघा. स्टिकर हवाच. त्यावर क्रमांक असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून तपासता येतो. तिथे दिसला नाही तर पैसे पाण्यात. आणि मुंबईत 'अर्जंट' हा शब्द तोंडातून काढू नका.

व्हिसा ऑगस्टमध्ये आला. विमान, पोहोचणं, सगळं ठीक.

पैशाचं मात्र नीट वाचा. महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. फी आणि विमा वेगळा भरावा लागत नाही. जुन्या सीनियरांच्या भरवशावर मी समजत होते की विमानाचं भाडं वेगळं मिळतं. पूर्वी मिळायचं. आता प्रवास, व्हिसा, बस्तान बसवणं, सगळं त्या १,४०० मध्येच. शिवाय पहिला हप्ता तिथे पोहोचून बँकेत खातं उघडल्यावर येतो. माझा ऑक्टोबरच्या मध्यावर आला. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, खाणं आपल्या खिशातून. किमान दीड हजार युरो जवळ ठेवा. शिष्यवृत्ती आहे म्हणून रिकाम्या हाताने येणारे इथे पहिल्या महिन्यात एकमेकांकडे उसने मागत फिरतात. पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र काढायला अर्ज करावा लागतो. त्याच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासूनच साइट उघडून बसा.

कॉलेज छान आहे. कळण्याचं पीठ आणि शेव आणली होती, संपली.

पुढच्या सप्टेंबरात इटली. नवा देश, नवा व्हिसा, कागदांची नवी यादी. आप्पांना आत्ताच फोन करून सांगितलंय: घरी काहीही कागद आला तरी लॅमिनेट करायचा नाही. ते म्हणाले, "आणि तुझं प्रवेशाचं पत्र? ते तर केलं ना."