तुम्ही विचारलंत म्हणून: केस का नाही केलीत?

"सख्खा नातू, आणि दोन वर्षं तोंड दिसलं नाही? सरळ केस ठोकायची!" मुलगा-सून विभक्त झाले, नातू आईकडे राहिला, तेव्हापासून हे ऐकतेय.

वकिलांकडे गेले होते मी. जाताना डोक्यात 'माझा हक्क' होता. तो त्या रुबाबात कुठेच सापडेना. आपल्या 1890च्या पालक-पाल्य कायद्याखाली आजी-आजोबा पालकत्व मागू शकतात. नुसत्या भेटीसाठी त्यांच्या नावाचं वेगळं कलम नाही. न्यायालय भेट देऊ शकतं, पण तराजूत मुलाचं हित, माझी माया नव्हे. फ्रान्समध्ये तर हक्कच नातवंडाचा, आजी-आजोबांशी नातं राखण्याचा. जर्मनीत तो आजी-आजोबांना आहे, मुलाच्या भल्याचा असेल तरच.

वकिलांनी अमेरिकेतला 2000 सालचा एक निकाल सांगितला, तो मला लागला. मुलगा वारलेला, त्याच्या दोन लेकी त्यांच्या आईकडे. ती महिन्यातून एक छोटी भेट द्यायला तयार होती. आजी-आजोबांना महिन्यातले दोन शनिवार-रविवार मुक्कामाला हव्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आई जिंकली. नीट सांभाळणाऱ्या आईच्या निर्णयाला वजन द्यायलाच हवं, असं न्यायालय म्हणालं. मला राग आला. मग आठवलं, माझ्या सासूबाई माझ्या मुलाबाबत असंच काही मागत्या, तर मी काय केलं असतं?

वकिलांनी विचारलं, "नातू तुमच्याकडे किती राहायचा? शेवटची भेट कधी?" भराभर सांगितलं. पुढचा प्रश्न: "सुनेशी शेवटचं काय बोललात?" मी पाण्याचा पेला उचलला. "तू माझं घर मोडलंस" असं फोनवर म्हणाले होते. त्यानंतर तो फोन कधी लागलाच नाही.

दार खरोखरच बंद असेल तर अर्ज करावा, आणि लवकर करावा. दिवस जातात तसं मूल विसरतं, न्यायाधीशांना दाखवायलाही नातं उरत नाही. माझं दार मीच आपटलं होतं. चार ओळींचं पत्र लिहिलं, त्यात 'पण' हा शब्द येऊ दिला नाही. तीन कागद फाडले त्यापायी. उत्तर यायला दीड महिना लागला. मध्यस्थांच्या खोलीत एक तास, सून शेजारच्या खुर्चीत.

नातू आधी माझ्याकडे बघेचना. टेबलाच्या कडेवर नखाने रेघा ओढत होता. मग एकदम म्हणाला, "आजी, त्या उंदराचं पुढे काय झालं?"

झोपताना सांगितलेली, अर्धी राहिलेली कुठलीतरी गोष्ट. मला आठवेना. मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "तो घड्याळात अडकला होता, आई. मला रोज विचारतो."