मुदत कोणाला आणि मोकळीक कोणाला

आमच्या आत्याचे नाव मतदारयादीतून गेल्याचे तिला मतदानाच्या दिवशीच कळले. बेळगावच्या वडगावातल्या शाळेबाहेर कार्यकर्त्यांच्या टेबलावर कन्नड यादी उघडलेली होती. त्यात आतोबांचा चौकोन स्वच्छ होता, आणि शेजारच्या आत्याच्या चौकोनावर, तिचे नाव, वय आणि घर क्रमांक झाकून टाकील असा, तिरपा शिक्का छापलेला होता. लेकीच्या बाळंतपणासाठी ती चार महिने चंदगडला राहिली होती; त्या काळात कोणी तरी घरी येऊन गेले असावे आणि ‘स्थलांतरित’ अशी नोंद करून मोकळे झाले असावे. तिच्या हातात निवडणूक ओळखपत्र होते, पण यादीत नाव नसेल तर ओळखपत्राला अर्थ उरत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी भर पडत नाही, असा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक आहे. ती तारीख केव्हाच उलटून गेली होती. आत्या रांगेजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि घरी परतली.

मी २३ वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. राष्ट्रपतींचे अधिकार, मतदाराची पात्रता आणि न्यायालयाचे कार्यक्षेत्र हे तीन वेगळे धडे म्हणून मी मुलांकडून पाठ करून घेत असे. गेल्या काही महिन्यांत देशात राष्ट्रपती, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यावरून जी चर्चा झाली, ती वाचताना मात्र तिन्ही धड्यांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसू लागला आहे. काम अमुक दिवसांत झालेच पाहिजे, असे कायदा कोणाला सांगतो, आणि कोणाला सांगत नाही?

राष्ट्रपतींपासून सुरुवात करू. राज्याच्या विधानसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यपाल राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात, आणि मग घटनेच्या २०१ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती त्याला संमती देतात किंवा रोखून धरतात. हा निर्णय किती दिवसांत घ्यावा, हे कलमात लिहिलेले नाही. तमिळनाडूच्या १० विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ८ एप्रिल २०२५ रोजी ही उणीव भरून काढली, राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मुदत सुचवली आणि ती विधेयके संमत झाली असे धरले. त्यावर १३ मे २०२५ रोजी राष्ट्रपतींनी १४३ व्या कलमाखाली १४ प्रश्न न्यायालयाचे मत मागण्यासाठी पाठवले, आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि मुदत संपली म्हणून संमती मिळाली असे मानताही येत नाही. दीर्घकाळ, कारण न देता निर्णयच घेतला नाही तर निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकते. काय निर्णय घ्या, हे नाही.

घटनापीठाचा युक्तिवाद मला समजतो. संविधान सभेपुढच्या मसुद्यात विधेयक परत पाठवण्यासाठी सहा आठवड्यांची मर्यादा होती, ती काढून ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द घातले गेले. जे घटनाकारांनी जाणून गाळले ते न्यायाधीशांनी परत आणू नये, हे म्हणणे वजनदार आहे. पण त्याच २०१ व्या कलमाचा पुढचा भाग वाचावा. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवले, तर विधानसभेने त्यावर सहा महिन्यांच्या आत फेरविचार केला पाहिजे. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला मुदत आहे, आणि ज्यांच्या टेबलावर विधेयक पडून राहते त्यांना नाही. हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षे वाचून दाखवले, आणि त्यातला हा तिढा माझ्या ध्यानात आला नाही याचे आज मला वाईट वाटते.

आम्हा सीमाभागातल्या लोकांचा तर या मुदतीशी थेट संबंध आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत येऊ शकत नाही, आणि ते आधी संबंधित राज्यांच्या विधिमंडळांकडे मत देण्यासाठी पाठवावे लागते. मूळ तिसऱ्या कलमात या मतासाठी कालमर्यादा नव्हती, त्यामुळे एखादे राज्य नुसते गप्प बसूनही काम अडवू शकले असते. म्हणून १९५५ साली पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्रपतींना राज्यांवर मुदत घालण्याचा अधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना कायदा आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आत्याच्या लेकीचे सासर महाराष्ट्रात आणि आत्याचे घर कर्नाटकात, ते त्या कायद्यातल्या या एका अपवादामुळे. त्याच पुनर्रचनेत मुंबई राज्याविषयी विधिमंडळाला दाखवलेली योजना एक होती आणि संसदेने संमत केलेली दुसरी. पण १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते खटल्यात सांगितले की पुन्हा विचारण्याची गरज नाही. राज्यांचे मौन कामात अडथळा ठरू नये म्हणून संसदेने घटनाच बदलली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तोच मार्ग २०१ व्या कलमासाठीही खुला आहे. न्यायालयाला मुदत घालता येत नसेल तर संसदेने घालावी. सहा महिने विधानसभेला पुरत असतील तर राष्ट्रपती भवनालाही पुरतील.

नियम झटपट बदलता येतात, हे बेळगावइतके कोणाला ठाऊक असणार? १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून आमच्या माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि या एका मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले; फ्लोराइडयुक्त पाण्याने हैराण झालेल्या नलगोंड्यात ४८० होते. दोन्हीकडच्या लोकांनी कायद्याने दिलेलाच हक्क वापरला होता. त्याच वर्षी लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली आणि अपक्षाला दहा सूचक आणणे सक्तीचे झाले. मतपत्रिका व्यवहार्य ठेवायला हवी, हे मला मान्य आहे. तरीही नियम काही महिन्यांत बदलला आणि ज्या प्रश्नासाठी तो ताणला गेला होता तो जागच्या जागी राहिला, हे मी विसरू शकत नाही.

तो प्रश्न २००४ साली महाराष्ट्र सरकारने राज्यांमधल्या वादांसाठी असलेल्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात नेला. सीमा ठरवणे हे फक्त संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नाही, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. माझे मत महाराष्ट्राच्या बाजूचे आहे, ते मी लपवत नाही. पण माझे कन्नड शेजारी, ज्यांच्याशी या विषयावर मी कधी तरी मोकळेपणाने बोलतो, त्यांनाही निकाल हवाच आहे. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुले आज मतदार आहेत. दावा टिकतो की नाही एवढे जरी न्यायालयाने सांगितले, तरी पुढचे दार संसदेचे ठोठवायचे की नाही हे आम्हाला ठरवता येईल.

बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती, आणि दावे-हरकतींसाठी लोकांना एक महिना मिळाला. वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. म्हणजे निकड पटली की न्यायालय दोन आठवड्यांतही हलते, आणि त्या हलण्याने गरीब माणसाला आपले नाव का गेले हे तरी कळते. आत्याला ते कोणी कळवले नव्हते.

निवडणूक झाल्यावर मी तिच्यासाठी नाव नोंदवण्याचा अर्ज, नमुना ६, भरला. वीजबिल, फोटो, जन्मतारखेचा पुरावा, सारे जोडले. दोन महिन्यांनी नाव आले, पण आडनावातला ‘ळ’ जाऊन ‘ल’ झाला आहे, म्हणून आता नमुना ८ भरायचा आहे. आत्या रोज विचारते, शेवटची तारीख कोणती.